३ पेनीच्या टॅक्ससाठी अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांनी वेगळा देश का मागितला?

पांझराकाठ (धुळे):
नमस्कार मंडळी, अभ्यासिकेत आमच्या ग्रुपमध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरून जोरदार वाजलं आणि कोणालाच धड उत्तर देता आलं नाही म्हणून इथे टाकतोय. गाईडमध्ये एकच ओळ असते, प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, मग बोस्टनला चहा समुद्रात फेकला आणि मग युद्ध. पण आकडे बघितले की डोकं चालत नाही. चहावर टॅक्स होता पौंडाला (वजनाच्या) ३ पेनी, आणि इंग्लंडात राहणारा माणूस या लोकांपेक्षा कितीतरी जास्त टॅक्स भरत होता. बरं हे काही पिचलेले लोक नव्हते, बरेचसे इंग्लंडातूनच गेलेले, जमीन मिळालेली, खाऊन-पिऊन सुखी, फ्रेंचांपासून राखलं ते पण इंग्लंडच्याच फौजेने. मग भांडण नेमकं कशाचं? आमच्यातला एक म्हणतो हे सगळे टॅक्सचोर आणि स्मगलर होते, वरून तत्त्वाचा मुलामा. दुसरा म्हणतो सरकार लांब असलं की असंच होतं, आपल्या खान्देशचंच बघ, मुंबईला आपण नकाशात कुठे आहोत ते पण माहीत नाही, आपण पण वेगळं मागितलं पाहिजे. मला दोन्ही पटेना. तर माझं विचारणं असं की टॅक्स एवढा कमी असताना एवढा राग का, पार्लमेंटमध्ये चार-पाच जागा दिल्या असत्या तर मिटलं असतं का, आणि यांना पहिल्यापासून वेगळंच व्हायचं होतं का? लिंका नका देऊ भो, आपल्या शब्दात सांगा.

निवृत्त_गुरुजी (चाळीसगाव):
बेटा, टॅक्स किती यावरून सुरुवात केली की माणूस तिथेच अडकतो. त्यांचं भांडण रकमेचं कमी आणि अचानक बदललेल्या वागणुकीचं जास्त होतं.

१७६३ च्या आधी शंभर-सव्वाशे वर्षं लंडनने या लोकांकडे फारसं लक्षच दिलं नव्हतं. कायदे होते, माल इंग्लंडच्याच जहाजांतून न्या वगैरे, पण अंमलबजावणी ढिली. प्रत्येक वसाहतीची स्वतःची सभा, व्हर्जिनियाची तर १६१९ पासून, तिथे स्थानिक जमीनवाले निवडून जाणार, टॅक्स तेच लावणार, आणि बऱ्याच ठिकाणी लंडनने पाठवलेल्या गव्हर्नरचा पगार पण तीच सभा मंजूर करणार. गव्हर्नरने जास्त नखरे केले की पगार अडकवायचा. अशा सवयीत पिढ्या गेल्या.

मग फ्रेंचांशी सात वर्षांचं युद्ध झालं, १७६३ ला संपलं, इंग्लंड जिंकलं पण कर्ज साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या घरात गेलं. लंडनचं म्हणणं असं की युद्ध तुमच्यासाठी पण झालं, आता तुमच्याकडे दहा हजाराच्या आसपास शिपाई ठेवायचेत, तर खर्चातला थोडा वाटा उचला. तसं बघितलं तर यात अन्याय काही नाही, हे मी वर्गात पण सांगायचो आणि पोरांना आवडायचं नाही. पण केलं कसं ते बघ. १७६४ चा शुगर अ‍ॅक्ट, त्याच्यात मळीवरचा टॅक्स गॅलनला ६ पेनीचा ३ पेनी केला. अर्धा केला! तरी बोंब झाली, का, तर आधीचे ६ पेनी कागदावरच होते, कस्टमवाल्याच्या हातावर काहीतरी टेकवलं की जहाज सुटायचं, आणि आता ३ का होईना पण खरोखर घेणार. न्यू इंग्लंडचा, म्हणजे बोस्टनच्या बाजूच्या वसाहतींचा, रमचा सगळा धंदा फ्रेंच बेटांवरून येणाऱ्या स्वस्त मळीवर उभा होता. त्याच वर्षी करन्सी अ‍ॅक्ट आला, वसाहतींनी आपल्या कागदी नोटा कायदेशीर चलन म्हणून काढायच्या नाहीत. युद्धानंतरची मंदी, गावात नाणं नाही, आणि त्यात हे.

१७६५ ला स्टॅम्प अ‍ॅक्ट. तहसीलबाहेर आपण स्टॅम्प पेपर घेतो तशातलंच, पण याचा पसारा मोठा, कोर्टाचे कागद, मृत्युपत्रं, जमिनीचे दस्त, जहाजाचे कागद, वर्तमानपत्रं, पंचांगं, पत्ते आणि फासे सुद्धा. आणि मंत्र्यांची अक्कल अशी की टॅक्स बसला तो नेमका वकील, छापखानेवाले, गुत्तेवाले आणि व्यापारी यांच्यावर, म्हणजे गावात ज्यांचं तोंड सगळ्यात मोठं त्यांच्यावर. १ नोव्हेंबरला कायदा लागू व्हायचा होता, तोपर्यंत जवळपास सगळीकडच्या स्टॅम्प विकणाऱ्या एजंटांनी भीतीने राजीनामे दिलेले. मार्च १७६६ ला कायदा मागे घेतला, पण त्याच दिवशी दुसरा कायदा करून ठेवला, डिक्लेरेटरी अ‍ॅक्ट, की वसाहतींवर कुठल्याही बाबतीत कायदा करायचा अधिकार पार्लमेंटला आहे म्हणजे आहे. वसुली सोडली, हक्क सोडला नाही. माझ्या मते भांडण पैशाचं राहिलं नाही ते इथून पुढे. म्हणून ३ पेनीचा हिशोब जुळत नाही तुला, ते ३ पेनी भरले असते तर त्या कायद्यावर सही केल्यासारखं झालं असतं.

वकील_अमळनेर:
गुरुजी नमस्कार. कोर्टाचा मुद्दा राहिला, तो कोणी सांगतच नाही आणि माझ्या मते टॅक्सपेक्षा तो जास्त टोचणारा होता.

शुगर अ‍ॅक्टमध्ये असं होतं की स्मगलिंगची केस गावातल्या कोर्टात न चालवता समुद्री खटल्यांच्या व्हाइस अ‍ॅडमिरल्टी कोर्टात चालवता येईल, आणि तसलं एक कोर्ट पार उत्तरेला, आजच्या कॅनडातल्या हॅलिफॅक्सला बसवलं. तिथे ज्युरी नाही, एकटा जज. जहाज पकडलं गेलं तर मालकानेच खर्चाची हमी भरून तिथपर्यंत जायचं आणि माल कायदेशीर आहे हे त्यानेच सिद्ध करायचं. जिंकला तरी जजने नुसतं लिहून दिलं की संशयाला जागा होती, तर पकडणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. आता सांगा बरं, लहान व्यापारी लढेल का? (सरकारची बाजू पण सांगतो, गावच्या ज्युरीत सगळे याच धंद्यातले किंवा त्यांचे पाहुणे, स्मगलरला दोषी ठरवणार कोण!)

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला जड नाही. आपली महसुलाची अपिलं नाशिकला आयुक्तांकडे, हायकोर्ट म्हटलं की संभाजीनगर खंडपीठ, मंत्रालय मुंबईला. तीन दिशांना तीन दारं. माझ्याकडे येणारा पक्षकार कायदा काय म्हणतो ते नंतर विचारतो, आधी विचारतो साहेब तारखेला जायचं कुठे आणि मुक्काम पडेल का.

जागांचं विचारलंस. गंमत अशी की त्यांनी जागा मागितल्याच नाहीत. ऑक्टोबर १७६५ ला न्यूयॉर्कमध्ये ९ वसाहतींची बैठक झाली, तिच्या ठरावात साफ लिहिलंय की आमच्या स्थानिक परिस्थितीमुळे हाऊस ऑफ कॉमन्समध्ये आमचं प्रतिनिधित्व नाही आणि होऊही शकत नाही. हुशार लोक होते. साडेपाचशेच्या वर मेंबर असलेल्या सभागृहात दहा-वीस जागा घेतल्या असत्या तर दर वेळी हरले असते, आणि वरून ऐकावं लागलं असतं की आता तुमचे प्रतिनिधी आहेत ना, भरा टॅक्स. शिवाय समुद्रातून एक पत्र जाऊन उत्तर यायला काही महिने. एडमंड बर्कने मार्च १७७५ ला पार्लमेंटमध्ये हेच डोकं फोडून सांगितलं की मध्ये तीन हजार मैल समुद्र आहे, हुकूम आणि अंमल यांच्यात महिने जातात, तुम्ही काही केलं तरी हे अंतर जाणार नाही. ऐकलं कोणी नाही.

लंडनचं उत्तर असायचं की मेंबर हा सगळ्या साम्राज्याचा असतो, तुम्ही मत दिलं नाही तरी तुमचा आहेच. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमला तेव्हा स्वतःचा एकही मेंबर नव्हता, आणि ओल्ड सेरम नावाच्या उजाड टेकाडाला दोन होते. तिकडचे म्हणायचे मँचेस्टरवाले गप्प बसतात ना, तुम्ही पण बसा. पण मँचेस्टरवर टॅक्स लावला तर लावणाऱ्याच्या पण खिशातून जायचा. अमेरिकेवर लावला की उलट याचा हलका व्हायचा. तिथे हे उत्तर पांगळं पडतं.

केळीचा_घड (रावेर):
वकीलसाहेबांनी चहा माझ्यासाठी सोडला वाटतं 😄 मी शेतकरी माणूस पण हा विषय आवडीचा.

तर भो, १७६७ ला काच, कागद, रंग, शिसं आणि चहा यांच्यावर टॅक्स लावला, वसाहतींनी इंग्लंडच्या मालावर बहिष्कार टाकला, १७७० ला सगळे उठवले पण चहावरचा मुद्दाम ठेवला, हक्क दाखवायला, गुरुजी म्हणतात तेच. आता पुढचं नीट बघ. १७७३ ला चहा महाग नाही झाला, स्वस्त झाला! ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आली होती, लंडनच्या गोदामात चहा पडून, म्हणून तिला परवानगी दिली की थेट अमेरिकेत न्या, इंग्लंडची ड्युटी माफ, आणि तिथे तुमचेच नेमलेले एजंट विकतील. हॉलंडवाल्यांच्या चोरट्या चहापेक्षा पण हा स्वस्त पडणार होता. म्हणजे तुझा मित्र स्मगलरचं म्हणतो ते अर्धं खरं शे, त्यांचा धंदा बुडणार होता. पण सरळ मार्गाने चहा आणणारा व्यापारी पण मधून उडाला ना, माल कंपनीचा, एजंट कंपनीचा मर्जीतला, आणि आज चहा तर उद्या दुसरं काय. मागे सरकारने बाहेरच्या कापसावरची ११ टक्के ड्युटी काढली तेव्हा गिरणीवाल्याला स्वस्त पडलं, पण आमच्याकडे कापूस घरात पडलेला त्याला विचारा स्वस्ताईचं सुख.

१६ डिसेंबर १७७३ ची रात्र, ३४२ पेट्या, ९२ हजार पौंडांच्या आसपास चहा, म्हणजे चाळीस टनांच्या वर. आणि तो चहा होता चीनचा हां, आसाम-दार्जिलिंगचे मळे तेव्हा कुठे होते.

आता मला यातलं सगळ्यात खास काय वाटतं सांगू का, ही कंपनी तीच. १७७० ला बंगालमध्ये दुष्काळ पडला, लाखो माणसं गेली, आणि त्याच्या बातम्या अमेरिकेपर्यंत पोचल्या होत्या. फिलाडेल्फियाचा जॉन डिकिन्सन, पक्का वकील, त्याने १७७३ ला लिहिलं की या कंपनीने आशियात काय केलं ते बघा, आता तिची नजर आपल्याकडे वळलीय. म्हणजे ते लोक आपलं उदाहरण देऊन घाबरत होते आणि इकडे आपल्याला पत्ता नाही. पुढे १८१८ ला पेशवाई गेली आणि तीच कंपनी खान्देशात आली. आणि तो कॉर्नवॉलिस, १७८१ ला यॉर्कटाऊनला वॉशिंग्टनपुढे हत्यारं टाकली, त्याला १७८६ ला इकडे गव्हर्नर जनरल करून पाठवला आणि १७९३ ला त्याने बंगालमध्ये कायमधारा बसवला. तिकडे हरलेला माणूस इकडे प्रमोशनवर!

आणि कोणी म्हणू नका की आपल्या लोकांनी मुकाट्याने सोसलं, १८५२ ला आमच्या सावदा-फैजपूर पट्ट्यात आणि एरंडोलकडे जमीन मोजणी करायला साहेब आले तेव्हा शेतकरी हजारोंनी जमून मोजणी बंद पाडली होती, शेवटी फौज आणावी लागली. टॅक्स किती वाढणार हे मोजणी पुरी व्हायच्या आधी कोणाला माहीत होतं, पण आपल्याला न विचारता कोणीतरी येऊन आपलं वावर मोजतंय हे दिसत होतं.

सातपुड्याची_लेक (शहादा):
सगळ्या दादालोकांनी छान लिहिलंय पण एक विचारू, यात ज्यांची जमीन होती ते कुठे आहेत? टॅक्स, ज्युरी, चहा, सगळं झालं. वसाहतवाला म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर येऊन बसलेला, हे कोणी बोलतच नाहीये.

युद्ध संपल्यावर लगेच, ऑक्टोबर १७६३ ला, राजाने जाहीरनामा काढला की अ‍ॅपलाचियन डोंगराच्या पलीकडे वसाहतवाल्यांनी जायचं नाही, ती जमीन तिथल्या जमातींसाठी राखीव. राजाला काही आदिवासींचा कळवळा नव्हता, त्याच वर्षी पाँटिअ‍ॅकच्या नेतृत्वाखाली जमाती उठल्या होत्या आणि परत लढाईचा खर्च नको होता एवढंच. पण वसाहतवाल्यांना हे टॅक्सइतकंच झोंबलं. ज्यांनी पलीकडच्या जमिनीत पैसा घालायचा बेत केलेला त्यांच्यात स्वतः जॉर्ज वॉशिंग्टन होता, १७६७ ला त्याने आपल्या मोजणीदाराला पत्र लिहिलं की हा जाहीरनामा म्हणजे इंडियन लोकांना (तिथल्या मूळ जमातींना) गप्प करायची तात्पुरती सोय आहे, तू चांगल्या जमिनी आत्ताच बघून ठेव, आणि बोभाटा करू नको. हा माणूस पुढे स्वातंत्र्याचा सेनापती.

४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्ध २७ तक्रारी आहेत. शेवटची काढून वाचा. राजाने आमच्यात घरातल्या घरात बंड पेटवलं आणि निर्दयी रानटी इंडियन आमच्यावर सोडले, असं लिहिलंय. सगळी माणसं समान म्हणणारा कागद तोच. आणि घरातलं बंड म्हणजे काय, तर व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने, डन्मोरने, नोव्हेंबर १७७५ ला सांगितलं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्याकडून लढतील ते मोकळे. वसाहतींत तेव्हा पाचातला एक माणूस गुलाम होता. हा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला शिव्या होत्या, तो भाग सभेने काढून टाकला. १७७९ ला वॉशिंग्टनच्या हुकमावरून इरोक्वॉय जमातींची चाळीसेक गावं पिकांसकट जाळली. १७८३ ला तह झाला, मिसिसिपीपर्यंतचा मुलुख नव्या देशाला देऊन टाकला, आणि ज्यांचा मुलुख त्यातला एकही त्या टेबलावर नव्हता.

म्हणून मला त्या ३ पेनीवाल्यांबद्दल फार भरून येत नाही. शहाद्यात ७२ च्या आसपास श्रमिक संघटना उभी राहिली, त्याच्या आधीपासून अंबरसिंग महाराज भिल्लांना एकत्र करत होते, मागणी काय होती, तर सावकार-जमीनदाराकडे गेलेली आमची जमीन परत द्या आणि मजुरी नीट द्या. त्यांचं सरकार पण लांबच होतं. पण लांबच्या सरकारपेक्षा जवळचा जमीनदार जास्त जड होता त्यांना. दूरचं सरकार गेलं की राज्य कोणाच्या हातात येतं हे पण बघा ना, नुसतं दूर दूर काय करता.

पांझराकाठ (धुळे):
ताई हा अँगल आमच्या अभ्यासिकेत कोणाच्या डोक्यात आला नव्हता. पण तरी तिसरा प्रश्न राहतोच ना, की वेगळं व्हायचं हे कधी ठरलं? आणि जर पैशावाल्यांचाच खेळ होता तर साधा शेतकरी का लढला?

वकील_अमळनेर:
ताईंचा मुद्दा बिनतोड आहे, पण म्हणून तक्रारी खोट्या ठरत नाहीत, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, कोर्टात रोज बघतो, अन्याय झालेला माणूस पण दुसऱ्याचा बांध कोरतच असतो.

आता तिसरा प्रश्न. वेगळं व्हायचं पहिल्यापासून अजिबात नव्हतं. दहा वर्षं हे लोक इंग्लंडच्या राजाच्या नावाने दारू पीत म्हणत होते की आम्ही इंग्रज आहोत म्हणूनच आम्हाला इंग्रजांचे हक्क द्या. पार्लमेंटशी भांडण, राजाशी नाही. चहा बुडवल्यावर लंडनने १७७४ ला बोस्टनचं बंदरच बंद केलं, चहाची भरपाई येईपर्यंत, आणि मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून टाकली, वरची सभा निवडून यायची ती आता नेमलेली, आणि गावसभा पण गव्हर्नरला विचारल्याशिवाय वर्षातून एकदाच. तुझ्या साध्या शेतकऱ्याचं उत्तर इथे आहे बघ. ३ पेनीशी त्याला देणंघेणं नव्हतं पण गावसभा त्याची होती, रस्ता, शाळा, चर्च, कुंपण सगळं तिथे ठरायचं. ती बंद केल्यावर बोस्टनपासून लांबच्या गावांतले शेतकरी एकत्र येऊन नव्या नेमणुकीच्या जजना कोर्टात बसू देईनात. लढाईची पहिली गोळी सुटली त्याच्या आधी काही महिने त्या वसाहतीतला बराच भाग गव्हर्नरच्या हातातून गेला होता.

सप्टेंबर १७७४ ला फिलाडेल्फियात पहिली काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, भरली, १२ वसाहती, जॉर्जिया आली नाही. तिथे जोसेफ गॅलोवेने मधला मार्ग मांडला होता, अमेरिकेची वेगळी ग्रँड काउन्सिल आणि पार्लमेंट, दोघांची संमती लागेल. थोडक्या मतांनी बारगळला तो. १९ एप्रिल १७७५ ला लेक्झिंग्टन-कॉन्कॉर्डला रक्त सांडलं, तरी जुलैमध्ये राजाला विनवणीचा अर्ज पाठवलाच. राजाने तो हातात पण घेतला नाही, ऑगस्टमध्ये बंडखोर म्हणून जाहीर केलं. मग जानेवारी १७७६ ला थॉमस पेनची पुस्तिका आली, त्याने राजालाच धुतला, एका बेटाने कायम एका खंडावर राज्य करायचं यात काही तरी विचित्र आहे असं साध्या भाषेत लिहिलं. इंग्लंडातून येऊन त्याला जेमतेम एक वर्ष झालेलं! सहा महिन्यांत जाहीरनामा. आणि सगळे तयार नव्हतेच, राजाच्या बाजूचे जवळपास ६० हजार लोक युद्धात आणि युद्धानंतर देश सोडून गेले, बरेच कॅनडाला. त्यातलाच एक तो गॅलोवे.

वेगळं_राज्य_पाहिजे (जळगाव):
एवढं सगळं वाचलं, आता मी बोलतो. सगळे अमेरिकेवर बोलतात आणि घरचं सोडून देतात. राज्यघटनेच्या ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असं लिहिलंय. आपण कशात तर उर्वरित मध्ये! पुणे, कोल्हापूर, मुंबई आणि धडगाव, अक्कलकुवा एकाच पोत्यात. १९९४ ला विकास मंडळं झाली तेव्हा आपला अनुशेष पुण्याच्या सरासरीत बुडून गेला. विदर्भाला नागपूर कराराने हिवाळी अधिवेशन, आपल्याला काय? विद्यापीठ सुद्धा १९९० ला मिळालं, तोपर्यंत पोरं पुणे विद्यापीठाच्या खिडकीत. केळी देशभर जाते, पण भाव ठरतो बाहेरच्या मार्केटवर. तापीचं पाणी डोळ्यासमोरून गुजरातच्या उकाई धरणाला जातं. त्या २७ तक्रारींपेक्षा आपली यादी लांब होईल. त्यांनी मागितलं तर क्रांती आणि आम्ही मागितलं तर हसता.

निवृत्त_गुरुजी (चाळीसगाव):
हसत नाही रे भाऊ, उर्वरितचं दुखणं माझंही आहे. पण तू राज्य मागतोयस, त्यांनी देश मागितला. आणि तुझ्याकडे मत आहे, आमदार आहेत, मंत्री झालेत आपल्याकडचे. त्यांच्याकडे लंडनमध्ये यातलं काहीच नव्हतं. तुझी गोष्ट बोस्टनला कमी आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाला जास्त लागते, ती कोणाला माहीत नसते म्हणून सांगतो.

१९०१ ला ऑस्ट्रेलियातल्या सहा वसाहती एक झाल्या, पश्चिम ऑस्ट्रेलिया सगळ्यात शेवटी आणि कुरकुरतच आली. राजधानी पार पूर्वेला, मध्ये वाळवंट, रेल्वे पण १९१७ ला जोडली गेली. लोक गहू, लोकर आणि सोनं काढणारे, म्हणजे बाहेरच्या बाजारात विकणारे. सरकारने बाहेरच्या मालावर जबर आयातकर लावला, का, तर मेलबर्न-सिडनीचे कारखाने जगावेत. म्हणजे यांनी गहू विकायचा जगाच्या भावात आणि नांगर, यंत्र घ्यायचं पूर्वेच्या महाग भावात. त्यात १९३० ची मंदी, गव्हाचा भाव कोसळला. ८ एप्रिल १९३३ ला मतदान घेतलं, वेगळं व्हायचं का, तर जवळपास दोन तृतीयांश लोकांनी हो म्हटलं. मत होतं, खासदार होते, तरी.

आता गंमत बघ. त्याच दिवशी राज्याची निवडणूक पण होती आणि त्याच लोकांनी वेगळं होण्याच्या बाजूच्या मुख्यमंत्र्याला पाडलं आणि विरोधातल्या लेबर पार्टीला निवडून दिलं. म्हणजे नव्या सरकारलाच नको असलेला अर्ज घेऊन लंडनला शिष्टमंडळ पाठवावं लागलं. लंडनने १९३५ ला काय सांगितलं, तर तुमच्या देशाच्या सरकारने मागितल्याशिवाय आम्ही हा अर्ज घेऊच शकत नाही. विषय तिथे संपला. पण अगदीच वाया नाही गेलं. केंद्राने १९३३ ला एक ग्रँट कमिशन नेमलं, मागे राहणाऱ्या राज्यांना किती पैसे द्यायचे ते हिशोबाने ठरवायला. ते कमिशन अजून आहे. मला विचारशील तर आधी तसलं काही माग, उर्वरितमधून बाहेर काढा आणि आमचा हिशोब वेगळा दाखवा म्हण. वेगळ्या राज्याचा निर्णय कलम ३ प्रमाणे शेवटी संसद घेणार, ते तुझ्या-माझ्या हातात नाही.

वेगळं_राज्य_पाहिजे (जळगाव):
गुरुजी आदर आहे पण हिशोब मागून मागून केस पांढरे झाले लोकांचे. तेलंगणाने हिशोब नाही मागितला, राज्य मागितलं आणि २०१४ ला घेतलं.

केळीचा_घड (रावेर):
घेतलं तर घेतलं, पण पुढचं पण वाच भो. अमेरिकेला स्वातंत्र्य मिळालं आणि १७९१ ला त्यांच्याच सरकारने दारूवर टॅक्स लावला. पश्चिम पेनसिल्व्हेनियाचे शेतकरी मका-राय विकायला डोंगर ओलांडू शकत नव्हते, म्हणून त्याची व्हिस्की करून न्यायचे, त्यांनाच तो टॅक्स जड पडला. बोलले तेच, सरकार लांब, आमची अडचण समजत नाही, आणि केसेस फिलाडेल्फियाच्या कोर्टात. वसुलीवाल्यांना डांबर लावून पिसं चिकटवली, सेम बोस्टन. १७९४ ला वॉशिंग्टन जवळपास तेरा हजार फौज घेऊन स्वतः निघाला, त्याच वॉशिंग्टनची गोष्ट करतोय मी. आणि राजधानी वॉशिंग्टन शहरातल्या लोकांना आजही काँग्रेसमध्ये (तिथल्या संसदेत) मतदान करणारा मेंबर नाही, तिथल्या गाड्यांच्या नंबर प्लेटवर लिहिलेलं असतं की प्रतिनिधित्वाशिवाय टॅक्स बंद करा!

पांझराकाठ (धुळे):
नंबर प्लेटचं भारी आहे 😂 वेगळं राज्य दादा, एक सांगा, झालंच राज्य तर राजधानी कुठे?

वेगळं_राज्य_पाहिजे (जळगाव):
जळगाव, यात विचारायचं काय. विद्यापीठ आहे, रेल्वे जंक्शन आहे, विमानतळ आहे.

पांझराकाठ (धुळे):
का म्हणून? हायवे सगळे धुळ्यावरून जातात. १९०६ ला पूर्व-पश्चिम खान्देश होण्याआधी जिल्ह्याचं ठाणं धुळंच होतं.

सातपुड्याची_लेक (शहादा):
झालं सुरू. १९९८ ला नंदुरबार जिल्हा होईपर्यंत धडगावच्या माणसाला कलेक्टर बघायला धुळ्याला जावं लागायचं. आता तुम्ही दोघं ठरवा त्याला कुठे पाठवायचं ते, आणि ठरवताना त्याला विचारणार का ते पण सांगा.

वेगळं_राज्य_पाहिजे (जळगाव):
ताई उपराजधानी नंदुरबार करू.

केळीचा_घड (रावेर):
हिवाळी अधिवेशन तोरणमाळला घ्या, थंडी पण चांगली असते.